उत्तर देणारी बिळं

या, असे जवळ सरकून बसा. दार लोटून घ्या, वारा आत नको. लांबून ऐकायची ही गोष्ट नाही, आणि आवाज चढवून सांगायचीही नाही. एका बेटाची आहे, दोन बायकांची आहे, आणि हाकेची आहे. देवाला आपण रोज हाका मारतो. ओ येवो न येवो, आपला गळा काही थांबत नाही. पण समजा, ओ आली, आणि ज्याची यायला हवी त्याची नसली, तर? ऐका तर मग.

वन्सं पालथ्या पडल्या होत्या. उतारावरच्या ओल्या गवतात, उजवा कान जमिनीला चिकटवून, एक हात पोटाखाली दुमडून. चौतीस वर्षं प्रसूतिगृहात नर्स म्हणून उभ्याने काढलेली बाई. आडवं पडायची सवय फक्त झोपेपुरती, आणि तीही कमीच. गवताची टोकं नाकात जात होती.

"असं नाही वन्सं, पोट सैल सोडा," वहिनी म्हणाली. "ताठ राहिलात तर तुमच्याच काळजाचे ठोके ऐकू येतील आणि तेच मोजत बसाल."

"बोटीतून उतरल्यापासून ते तसेही ऐकूच येतायत मला."

"मग आज त्यांना जरा गप्प बसायला सांगा."

नावाने हाक मारावी असं तिथे दुसरं कुणी नव्हतंच. वहिनी त्यांना वन्सं म्हणे, त्या तिला वहिनी म्हणत. बेटावर माणसं दोनच, तेवढ्यावर भागत होतं.

वहिनी गुडघ्यावर बसली आणि गळ्यातला जुना टेपरेकॉर्डर तिने बिळाच्या तोंडाशी धरला. त्याचा कातडी पट्टा तीन ठिकाणी शिवलेला होता. अख्खा उतार अशा बिळांनी भरलेला होता; प्रत्येकाचं तोंड वाटीएवढं, गवताखाली निम्मं झाकलेलं. या बिळांत राहणाऱ्या समुद्रपाखराला बेटावर येणारे सगळे बीळपाखरू म्हणत. मुठीएवढं, काळं. जोडीतलं एक समुद्रावर, एक आत अंड्यावर. दिवसाउजेडी दोन्ही दिसायची नाहीत. त्यामुळे पाहून मोजायची सोय नाही, विचारून मोजायचं. नराची साद टेपवर वाजवायची, दहा आकडे थांबायचं. आतून उत्तर आलं तर वहीत एक रेघ आणि बिळाशी एक लाकडी खुंटी. नाही आलं तर पुढचं बीळ. हात आत घालायचा नाही. खोलीच्या दारावर चिकटवलेल्या सूचनांमधली पहिली सूचना तीच होती; चाचपलेलं पाखरू अंडं टाकून जातं.

"लावते हं," वहिनी म्हणाली, आणि तिने बटण दाबलं.

आधी एक श्वास आला. नाकाने ओढलेला, आणि त्यात बारीकशी शीळ. मग घरघर सुरू झाली, लांब कुठेतरी शिलाई मशीन चालावं तशी, आणि शेवटी एक उचकी. पुन्हा श्वास, पुन्हा घरघर, पुन्हा उचकी.

वन्संनी मिटलेले डोळे उघडले.

तो श्वास त्यांच्या ओळखीचा होता. सात वर्षांच्या असताना त्यांनी मोठ्या भावाला झोक्यावरून ढकललं होतं, आणि त्याचं नाक मोडलं होतं. नाक जुळलं, पण शीळ राहिली. पुढे आयुष्यभर दादा कुठल्या खोलीत झोपलाय ते अंधारातही कळायचं. आई म्हणायची, या पोराला चोरी करता यायची नाही, श्वासच चुगली करील.

आणि मग त्यांना ते पत्र आठवलं. दादा बेटावर पक्षी-कार्यालयाचा रक्षक होता तेव्हाचं, पंधरा-सोळा वर्षांपूर्वीचं. "मोजणीची टेप समुद्राच्या पाण्याने खराब झाली, दुसरी यायला महिना लागेल. शेवटी मीच तोंडाने साद काढून भरली. पाखरं फसली, कार्यालयही फसलं. तुझ्या वहिनीला सांगू नकोस. म्हणेल, घरी कधी हाक मारत नाही आणि बिळांना मारतोय." वन्सं तेव्हा हसल्या होत्या, पत्र कपाटात टाकलं होतं आणि विसरल्या होत्या.

वहिनी ओठांनी आकडे मोजत होती. सात. आठ.

जमिनीखालून उत्तर आलं. मऊ, दबलेली घरघर. कानाला नव्हे, गालाच्या हाडाला कळावी अशी.

"आलं!" वहिनीने वहीत रेघ मारली. तिचा चेहरा असा उजळला की वन्संना वाटलं, हिला आपण लग्नानंतर असं पाहिलंच नाही.

"काय झालं? ऐकू नाही आलं?"

"आलं," वन्सं म्हणाल्या. "आलं ना."

अकरा वर्षांपूर्वी, धुक्यातल्या एका दुपारी, दादा याच उतारावर मोजणीला गेला होता. टेपरेकॉर्डर गवतात सापडला, खुंट्यांची पिशवी सापडली. दादा सापडला नाही. समुद्राने नेला असं सगळ्यांनी धरलं, कारण दुसरं धरण्यासारखं काही नव्हतं. त्याआधी चौदा वर्षं तो वर्षातले सात महिने इथेच असायचा आणि वहिनी घर, लेक आणि स्वतःची गिरणीतली नोकरी सांभाळायची. बेट तिने कधी पाहिलंही नव्हतं. नाव काढलं तरी भांडी आपटायची. त्याच्या वस्तू न्यायला म्हणून ती पहिल्यांदा आली, बोट तीन दिवस अडकली, आणि त्या तीन दिवसांत अर्धवट राहिलेली मोजणी तिने पुरी केली. पुढच्या मोसमात पुन्हा गेली. पगार नाही, कार्यालय शिधा देतं, बोट देतं आणि वर्षाकाठी एक आभाराचं पत्र. आधी सात महिने, मग नऊ. गेले दोन हिवाळे ती घरी आलीच नव्हती.

म्हणून वन्सं आल्या होत्या. लेकीचे दिवस भरत आले होते, पहिलंच बाळंतपण. "आत्या, तू आहेस म्हणा," असं ती म्हणाली होती आणि नंतर खिडकीबाहेर बघत राहिली होती. सहाव्या दिवशी बोट परत येणार होती. त्या बोटीत वहिनीला घालून न्यायचं, एवढंच काम.

त्या दिवशी सेहेचाळीस बिळं झाली आणि सेहेचाळीसही बिळांनी उत्तर दिलं.

"यंदा एकही गप्प नाही," वहिनी परत परत म्हणत होती. "दरवर्षी वाढतायत. हे होते तेव्हा शंभरात चाळीसच बोलायची. यांच्या वहीत आहे."

वन्सं मागून खुंट्या रोवत येत होत्या. एका बिळापाशी त्या वाकल्या आणि तशाच राहिल्या. बिळाच्या तोंडावर कोळ्याचं जाळं होतं. काठापासून काठापर्यंत, अखंड, प्रत्येक धाग्यावर पाणी. याच बिळातून आत्ता घरघर आली होती.

"वहिनी, यातून पाखरू आत कसं गेलं?"

"पाखरू पहाटे जातं, कोळी सकाळी विणतो." वहिनीने मागे वळूनही पाहिलं नाही. "तुम्हाला सगळ्यात दुखणंच दिसतं. नर्सबाई!"

पुढच्या बिळावरही जाळं होतं. त्याच्या पुढच्याही. वन्संनी नंतर बघणं सोडून दिलं. आणखी एक गोष्ट त्यांना खटकत होती, पण ती काय ते उमगायला संध्याकाळ व्हावी लागली. वास नव्हता. इतकी पाखरं जमिनीखाली बसलेली असतील तर तेलाचा, माशांचा, पिसांचा काहीतरी वास हवा. त्या उताराला फक्त मातीचा वास होता.

दुसऱ्या दिवशी धुकं उतरलं. खोलीच्या खिडकीतून पाण्याची टाकीसुद्धा दिसेना. खोली म्हणजे तरी काय: दोन खाटा, एक स्टोव्ह, डबे लावलेली फळी, मोजणीच्या वह्या, आणि कोपऱ्यात बिनतारी संच. रोज दहाला त्यावरून बंदरातल्या कचेरीला वारा आणि लाटा कळवायच्या. तिथला ऑपरेटर भला माणूस, कधीमधी घरचा फोन जोडून द्यायचा. त्या दिवशी त्याने दिला.

"आई?" खरखरीतून लेकीचा आवाज आला. "आई, ऐकू येतंय?"

वहिनीने हातातलं यंत्र तोंडापाशी धरलं, पण बटण दाबलं नाही. ती खिडकीकडे बघत होती.

"आई, अगं बोल ना. येतेस ना तू?"

"वहिनी," वन्सं हळूच म्हणाल्या.

"हो," वहिनीने बटण दाबलं. "हो गं. बघते. मोजणी संपली की बघते."

"मोजणी!" लेक हसली, पण ते हसणं नीट उमटलं नाही. "बरं, आत्याला दे."

वन्संनी यंत्र घेतलं. पायांवर सूज किती आहे ते विचारलं, मीठ कमी कर म्हणून बजावलं, नवऱ्याला जरा कामाला लाव म्हणून सांगितलं. संच बंद झाला. स्टोव्ह तेवढा फुरफुरत होता.

"किती हाका मारायच्या त्या पोरीने?" वन्सं म्हणाल्या.

"वन्सं, माझ्यावर सहाशे बिळांचा भार आहे. मी गेले तर मोजणार कोण? हे गेले तेव्हा सगळे म्हणाले, आता बंद करू. मी म्हटलं, का? आतली उत्तरं देतायत ना? जोवर कुणी उत्तर देतंय तोवर विचारत राहायला नको?"

वन्संनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. अवघड बातमी सांगायची असली की प्रसूतिगृहात त्या असेच हात ठेवत. त्यांना अगदी प्रामाणिकपणे वाटत होतं की आता आपण गाठ सोडवतोय.

"टेपवर पाखरू नाहीये, वहिनी."

"म्हणजे?"

"दादा आहे."

मग त्यांनी पत्राचं सांगितलं, झोक्याचं सांगितलं, नाकाचं सांगितलं. "घरघरीच्या आधी एक श्वास आहे बघ. त्यात शीळ आहे. ती त्याची."

वहिनीने टेपरेकॉर्डर उचलला, मांडीवर घेतला आणि बटण दाबलं. श्वास, घरघर, उचकी. तिने बंद केलं. पुन्हा लावलं. फक्त श्वासापर्यंत. पुन्हा मागे. पुन्हा श्वासापर्यंत.

"मला वाटायचं, पाखरू श्वास घेतं," ती म्हणाली.

वन्संनी स्टोव्ह बारीक केला.

"तुम्ही एका खेपेत ओळखलंत. मी अकरा वर्षं गळ्यात घालून हिंडतेय." ती थोडी हसली. "शेजारी झोपले की माझंच घोरणं मोठं. कधी ऐकलाच नाही हो मी त्यांचा श्वास."

"अगं, मी लहानपणापासून..."

"असू दे, वन्सं. उगाच मलम लावू नका."

खरं तर तिथेच थांबायचं. पण वन्संना काम पुरं करायची सवय होती. कार्यालयातल्या साहेबबाईंनी त्यांच्याजवळ एक नवं यंत्र दिलं होतं, हाताच्या पंजाएवढं. त्यात खऱ्या पाखराची साद भरलेली होती. यापुढे सगळ्या बेटांवर तेच वापरायचं होतं. चौथ्या दिवशी धुकं विरलं तशा दोघी ते घेऊन उतारावर गेल्या.

खऱ्या पाखराची साद जास्त रुक्ष होती, आणि तिच्याआधी श्वास नव्हता. पहिल्या बिळाशी वाजवली. दहा मोजले. काही नाही. दुसऱ्याशी. काही नाही. दुपारपर्यंत वीस बिळं झाली. वारा पडला होता आणि उतार इतका शांत होता की दोघींना एकमेकींचं गिळणं ऐकू येत होतं.

"पाखरं गेलीत, वहिनी. कधीच गेलीत."

वहिनीने जुना टेपरेकॉर्डर विसाव्या बिळाशी धरला. श्वास, घरघर, उचकी. आकडे मोजायचीही गरज पडली नाही.

जमिनीखालून घरघर आली.

"मग हे कोण?"

"पोकळ जमीन आहे. आवाज घुमतो. तोच परत येतो."

"नव्या यंत्राचा का नाही घुमत?"

 वन्संनी बाही वर केली. त्या दारावरची पहिली सूचना त्यांनी रोज वाचली होती. "मी हात घालून बघते. काही नाही हे तुला कळलं की संपलं. लाव तू टेप."

"वन्सं, नको."

"लाव म्हणते ना."

त्यांनी हात आत सरकवला. गार माती, मुळांचे धागे, एक गोटा. कोपरापर्यंत हात गेला आणि बोटांना बिळाची मागची भिंत लागली. अंडं नाही, पीस नाही, काडीसुद्धा नाही. हाताची बोटं चौतीस वर्षं न दिसणाऱ्या जागी चाचपण्यात तयार झालेली. ती चुकणं शक्य नव्हतं. बीळ रिकामं होतं.

बाहेर टेप लागली. श्वास, घरघर, उचकी.

आणि आत, त्यांच्या बोटांच्या पेरांवर, ऊब आली. नुकत्या जन्मलेल्या बाळाच्या नाकापाशी बोट धरल्यावर यावी तेवढीच. आली, ओसरली. मग आत ओढला गेलेला गार वारा, आणि त्याला मधेच एक बारीकशी अडखळ.

वन्संनी हात बाहेर काढला. बाही खाली केली. बटण लावायला त्यांना दोनदा प्रयत्न करावा लागला.

"काय आहे?" वहिनीने विचारलं.

"काही नाही," वन्सं म्हणाल्या. "माती."

तिला तेवढं पुरलं असं दिसलं. संध्याकाळी ती वहीपुढे बसली, खूप वेळ पेन हातात धरून. मग ठळक अक्षरांत तिने लिहिलं: "बीळपाखरं एकही नाही. मागच्या अकरा वर्षांची मोजणी चुकीची धरावी." खाली सही केली, अक्षरं वाळेपर्यंत फुंकर घातली आणि वही मिटली. पाचव्या दिवशी तिने ट्रंक भरली. डबे घासून पालथे घातले, गाद्या गुंडाळल्या, लेकीसाठी विणत ठेवलेली आणि दोन वर्षं अर्धवट पडलेली लोकर वर ठेवली. संचावरून स्वतःच कचेरीला कळवलं, उद्या दोन माणसं. ऑपरेटर म्हणाला, "अहो, बेट रिकामं करताय की काय?" तर म्हणाली, "तुमच्या पाखरांनी आधीच केलंय."

वन्सं त्या दिवशी बऱ्याच हसल्या. उगाच, कशालाही.

सहाव्या दिवशी सकाळी बोटीचा भोंगा वाजला तेव्हा वहिनीची खाट रिकामी होती. ट्रंक दाराशी होती. वन्संनी आधी खाली, उतरायच्या खडकाकडे पाहिलं. तिथे बोटवाला एकटाच लाटांवर बोट सांभाळत होता. त्या खडकाला बोट बांधून ठेवायची सोय नव्हती आणि त्याला ती सोडून वर येता येत नव्हतं. त्याने हात उंचावून पाच बोटं तीनदा दाखवली. पंधरा मिनिटं.

वन्सं वर निघाल्या. गुडघे दुखत होते. खुंट्यांच्या रांगेतून जाताना त्यांनी बिळांकडे बघितलं नाही.

वहिनी विसाव्या बिळापाशी पालथी पडली होती. डावा गाल गवतावर, पोट अगदी सैल सोडलेलं. उजवा हात खांद्यापर्यंत आत गेला होता. टेपरेकॉर्डर जवळ नव्हता. तो खोलीतच, ट्रंकेवर राहिला होता.

"वहिनी, बोट आली."

"हो. ऐकला भोंगा."

"ऊठ मग."

"उठते. सोडलं की उठते."

वन्सं तिच्याशेजारी गवतात बसल्या. परवा त्यांचा स्वतःचा हात त्या बिळात कोपरापुढे गेला नव्हता.

"तुम्ही म्हणालात, काही नाही," वहिनी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, थट्टा होती, खूप जुनी, लग्नघरातली. "खोटं बोलणं तुम्हाला जमत नाही हो. बटण लावता येईना तेव्हाच मी ओळखलं. म्हटलं, जायच्या आधी एकदा बघून यावं. टेप नाही आणली. माझ्याच तोंडाने विचारलं."

"काय विचारलंस?"

"ते आमचं आम्हाला." ती हसली. "आणि वन्सं, तुम्ही सांगितलं म्हणून कळलं. आधी श्वास येतो. मग उत्तर. इतकी वर्षं मी नुसती घरघर मोजत होते."

वन्संनी तिचा डावा हात दोन्ही हातांत घट्ट धरला, पाय गवतात रोवले आणि ओढलं.

आता हे नीट ऐका. चौतीस वर्षांत कळा देणाऱ्या हजारो बायकांनी त्यांचे हात धरले होते, पिरगाळले होते, नखं रुतवली होती. अडकलेला हात आणि धरलेला हात यांतला फरक त्यांना कुणी समजावायला नको होता. अडकलेल्या हाताला ओढलं की ओढ तिथेच मरते. धरलेल्याला ओढलं की पलीकडचं माणूस आपली पकड बदलून घेतं.

वहिनीचं अंग बोटभर त्यांच्याकडे आलं. मग, अजिबात घाई न करता, बोटभर परत गेलं.

"अहो, ओढू नका!" वहिनी हसू आवरत म्हणाली. "दोन्हीकडून ओढलं तर मी काय करू?"

वन्सं थांबल्या. पण हात सोडला नाही. खालून भोंगा आला, आखूड, वैतागलेला.

"लेकीला काय सांगू?"

वहिनीने डोळे मिटले. पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं, आणि वन्संना वाटलं, आता उठेल. तिची डावी बोटं वन्संच्या तळव्यात एकदा आवळलीही गेली.

"सांगा, आई कामात आहे," ती म्हणाली. "बापाचंही हेच ऐकत मोठी झाली ती. कळेल तिला."

"नाही कळणार, वहिनी."

"नाही," वहिनीने मान्य केलं. "पण तुम्ही असाल ना तिथे?"

वन्सं तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. तरुण सून म्हणून घरात आलेली, आता म्हातारी झालेली ही बाई. चौदा वर्षं दाराकडे बघत बसलेली, अकरा वर्षं बिळांशी. अशा चेहऱ्याने तिला कुणीच कधी पाहिलं नसेल, ज्याने पाहायला हवं होतं त्यानेही नाही. वन्संनी बोटं एकेक करून सोडली. शेवटचं बोट सुटताना वहिनी म्हणाली, "सावकाश जा हं, खाली शेवाळ आहे."

अंगावरची शाल काढून त्यांनी तिच्या पाठीवर घातली, कडा खांद्यांखाली खोचल्या. 'दादा' अशी एकच हाक मारावी असं त्यांच्या ओठांपर्यंत आलं. त्यांनी ओठ मिटले. ओ आली असती तर त्यांना खाली उतरता आलं नसतं.

बोटवाल्याने त्यांना हाताला धरून आत घेतलं आणि वर पाहिलं. "एकट्याच? कचेरीने दोन माणसं सांगितली होती मला."

"त्या राहतायत."

"अहो, वादळं सुरू होतील आता. महिनाभर फेरी नाही माझी. एकट्या राहतील त्या?"

 बोट खडकापासून सुटली. बोटवाला मग आपल्याशीच काहीबाही पुटपुटत राहिला, बायकांच्या हट्टाबद्दल, लाटांबद्दल. उतार मागे जात होता आणि वाऱ्यात त्याचं गवत एकाच दिशेला पडत होतं, मधला एक ठिपका सोडून.

पुढच्या फेरीत काय सापडलं, ते मला विचारू नका. ज्याने पाहिलं त्याने सांगितलं नाही, आणि मीही खोदून विचारलं नाही. वहिनीची काळजी तुम्ही करू नका. तिला हवं ते मिळालं की आणखी काही, ते देव जाणे. तुम्ही आठवण ठेवायची ती वन्संची. बोट सुटल्यापासून दहाव्या दिवशी प्रसूतिगृहातल्या एका खोलीत एक पोरगी कळा देत होती, आणि दर कळेला 'आई, आई गं' म्हणून हाक मारत होती. तिचा हात वन्संच्या हातात होता. आणि प्रत्येक हाकेला, पहाटेपासून दुपारपर्यंत, न चुकता, वन्सं ओ देत होत्या. संध्याकाळी देवापुढे हात जोडाल तेव्हा, बाबांनो, त्या वन्संसाठी एक क्षण बाजूला ठेवा.